पायथॉन शिकताना हमखास अडणाऱ्या जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कऱ्हाडच्या एका वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही काही जण पायथॉन शिकतो. त्यात बारावीची मुलं आहेत, दोन शिक्षिका आहेत आणि दूध संकलन केंद्राचा हिशेब ठेवणारे एक काका आहेत. मी शिकवते म्हणण्यापेक्षा चुका शोधून देते. आठवडाभर माझ्या फोनवर स्क्रीनचे फोटो येत राहतात. बहुतेक फोटो तिरके असतात आणि नेमकी शेवटची ओळ कापलेली असते. प्रश्न मात्र तेच ते, म्हणून हे पान.

एक सूचना आधीच देते. इथे कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे: प्रिंट, इनपुट, रेंज वगैरे. तुम्ही तो इंग्रजी स्मॉल अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचा. हे मुद्दाम केलं आहे, कारण प्रश्न ७ मध्ये सापडेल.

१. माझं इंग्रजी जेमतेम आहे. जमेल का?

जमेल. पायथॉनचे राखीव शब्द ३५ आहेत आणि रोजच्या कामाला त्यातले पंधरा-वीस पुरतात: इफ, एल्स, फॉर, व्हाइल, डेफ, रिटर्न, इम्पोर्ट असे. पोस्टात मनीऑर्डरचा फॉर्म भरायला याहून जास्त इंग्रजी लागायचं. इंग्रजीची खरी अडचण एरर वाचताना येते. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

मराठीतून ऐकायचं असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठी निवेदन असलेले धडे आहेत. पायथॉनचा धडा निवडताना तो पायथॉन ३ चा आहे ना, एवढं बघून घ्या.

२. बारावी आयटीला जावास्क्रिप्ट आणि पीएचपी केलं. आता पायथॉन कशाला?

वेबसाइटच बनवायची असेल तर जावास्क्रिप्ट सोडू नका. ब्राउझरमध्ये तीच चालते. पण शंभर एक्सेल फायली एकत्र करायच्या, फोटोंची नावं तारखेप्रमाणे बदलायची, निकालपत्रकातून नापासांची यादी काढायची, अशी कंटाळवाणी कामं असतील तर पायथॉनमध्ये दहा-पंधरा ओळींत भागतं. 'स्क्रिप्ट' म्हणजे हेच: आधी कंपाइल वगैरे न करता वरून खाली वाचली जाणारी कामाची चिठ्ठी. खिदो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली. नाव सापावरून आलेलं नाही, एका ब्रिटिश विनोदी मालिकेवरून घेतलेलं आहे.

जावास्क्रिप्ट येत असेल तर लूप, फंक्शन, अट या कल्पना तुमच्याकडे आहेतच. महिरपी कंस विसरायचे आणि प्रश्न १० वाचायचा.

३. किती दिवसांत येईल?

रोज अर्धा तास स्वतः टाइप केलं तर दोन-तीन महिन्यांत स्वतःच्या कामाची छोटी स्क्रिप्ट लिहिता येते, असा आमच्या वर्गाचा अनुभव आहे. नुसते व्हिडिओ बघितले तर कितीही दिवसांत येत नाही. नोकरीबद्दल मी काही सांगत नाही. 'तीन महिन्यांत पॅकेज' असं सांगणाऱ्याला फी देण्याआधी त्याच्या आधीच्या बॅचमधल्या दोघांना गाठून विचारा.

४. लॅपटॉप नाही. मोबाईलवर शिकता येईल?

सुरुवात नक्की करता येते. अँड्रॉइडवर 'पायड्रॉइड ३' हे ॲप इंटरनेटशिवाय चालतं. ब्राउझरमध्ये 'गूगल कोलॅब' उघडलं तर काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, पण नेट लागतं आणि सत्र संपलं की तिथे तात्पुरत्या ठेवलेल्या फायली उडतात.

मोबाईलचा खरा शत्रू कीबोर्ड. तो ओळीचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि पायथॉनला स्मॉल 'प्रिंट' कळतो, कॅपिटल पी असलेला कळत नाही. ऑटो-कॅपिटल आणि ऑटो-करेक्ट दोन्ही बंद करा. गंमत म्हणजे ट्रू, फॉल्स आणि नन या तीनच राखीव शब्दांना पहिलं अक्षर कॅपिटल लागतं, आणि तिथे लोक हमखास स्मॉल लिहितात.

५. पायथॉन इन्स्टॉल केलं, पण विंडोज म्हणतं अशी कमांडच नाही. कधी तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं!

पायथॉन आलेलं असतं, ते कुठे ठेवलंय हे विंडोजला माहीत नसतं. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर खाली 'पाथ'मध्ये जोडायची एक चौकट असते. घाईत ती सुटते. इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' निवडा आणि पुढच्या पडद्यांवर 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'मध्ये जोडायच्या चौकटीवर खूण करा. तोवर 'पायथॉन'ऐवजी नुसतं 'पीवाय' टाइप करून पाहा, बहुतेकदा चालतं.

एवढी कटकट नको असेल तर 'थॉनी' घ्या. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी बनवलेला हा एडिटर आहे आणि पायथॉन त्याच्या पोटातच येतं. वाचनालयातल्या दोन्ही जुन्या संगणकांवर आम्ही तोच ठेवला आहे.

६. तीन बाणांपुढे (>>>) लिहिलेला प्रोग्राम सेव्ह कसा करायचा? आणि फाइलवर डबल क्लिक केलं की खिडकी लगेच का मिटते?

तीन बाण म्हणजे पाटी. लिहायचं, उत्तर बघायचं, पुसायचं. टिकवायचं असेल ते वहीत, म्हणजे एडिटरमधल्या फाइलमध्ये लिहायचं आणि शेवटी 'डॉट पीवाय' लावून सेव्ह करायचं. बाण स्वतः टाइप करायचे नसतात. पुस्तकातून ते उतरवून घेणारा दर बॅचला एक तरी निघतोच.

खिडकी मिटते कारण काम संपलेलं असतं. एडिटरमधून रन करा म्हणजे उत्तर दिसत राहील.

७. कोड जसाच्या तसा कॉपी केलाय, तरी चालत नाही. असं कसं?

तो जसाच्या तसा नसतो, तसा दिसतो. नेहमीची तीन कारणं सांगते.

पहिलं, अवतरणचिन्हं. वर्डमधून किंवा एखाद्या सजवलेल्या पानावरून घेतलेल्या कोडात सरळ अवतरणांची जागा वाकड्या, सुबक अवतरणांनी घेतलेली असते. पायथॉनला फक्त सरळ कळतात. एररमध्ये 'इन्व्हॅलिड कॅरेक्टर' असे शब्द असतील तर आधी अवतरणं पुसून हाताने टाइप करा.

दुसरं, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा. कॉपी करताना ती खाल्ली जाते किंवा बदलते (प्रश्न १०). व्हॉट्सॲपवर कोड पाठवायचाच असेल तर त्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (`) लावा. तो टाइपरायटरच्या अक्षरांत जातो आणि कमी बिघडतो.

तिसरं, कोड जुना असतो. पायथॉन २ मध्ये प्रिंटला कंस लागत नव्हते, ३ मध्ये लागतात. पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली, पण ती पुस्तकं रद्दीत गेली नाहीत. आमच्या वाचनालयातच दोन आहेत. प्रिंटपुढे कंस दिसला नाही की पुस्तक मिटा.

म्हणून माझा आग्रह: टाइप करा. टाइप करताना कोलन राहतो, कंस राहतो, एरर येतो आणि त्या एररनेच कोलन कुठे लागतो ते हाताला कळतं.

८. एआयला विचारलं की तो लगेच कोड देतो. मग शिकायचं कशाला?

कोड मिळतो, पण तो बरोबर आहे की नाही हे कोण ठरवणार? प्रश्न १४ मधली चूक माझ्या एका विद्यार्थ्याला अशाच मिळालेल्या कोडात होती. कोड दिसायला इतका नीटनेटका, की कुणाला शंकाच आली नाही. मी मुलांना सांगते, त्याच्याकडून कोड घेऊ नका, तुमचा एरर त्याला समजावून सांगायला लावा. मिळालेल्या कोडातली एक ओळ काढली तर काय होईल हे तुम्हाला आधीच सांगता येत नसेल, तर तो कोड अजून तुमचा झालेला नाही.

९. रन केलं की लाल अक्षरांची भिंत येते. ती वाचायची कशी?

खालून वर. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं आणि तिच्या वर कुठे झालं ते, ओळीच्या क्रमांकासकट. म्हणून फोटो काढताना शेवटची ओळ कापू नका हो!

शेवटच्या ओळीतला पहिला शब्द म्हणजे एररची जात. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या जाती थोड्याच आहेत. 'नेमएरर' म्हणजे हे नाव मला माहीत नाही: स्पेलिंग चुकलं, कॅपिटल-स्मॉल चुकलं किंवा शब्दाला अवतरणं लावायची राहिली. 'टाइपएरर' म्हणजे दोन न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र आणल्या, जसं आकड्यात शब्द मिळवायला गेलात. 'व्हॅल्यूएरर' म्हणजे जात बरोबर पण ऐवज चुकीचा. आकडा हवा होता तिथे 'पाच' असं अक्षरी आलं. 'इंडेक्सएरर' म्हणजे यादीत सातच जण आहेत आणि तुम्ही आठव्याला हाक मारली. 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' म्हणजे मागवलेलं सामान (मॉड्यूल, म्हणजे तयार कोडाची फाइल) घरात नाही, आधी 'पिप' या सामान आणणाऱ्या कमांडने आणायला हवं.

'सिंटॅक्सएरर' थोडा फसवा. तो दाखवतो त्या ओळीत कधीकधी काहीच चूक नसते. वरच्या ओळीतला कंस बंद करायचा राहिलेला असतो, आणि वाचत वाचत पुढे गेल्यावर पायथॉनला ते कळतं. त्यामुळे दाखवलेली ओळ धडधडीत बरोबर दिसली तर तिच्या वरची बघा. ३.१० आवृत्तीपासून हे संदेश बरेच सुधारले. नाव चुकलं तर 'तुम्हाला अमुक म्हणायचंय का?' असंही विचारतं. जुनी आवृत्ती असेल तर एवढ्या एका सोयीसाठी नवी घ्या.

१०. ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागेवरून एवढा गोंधळ का?

कारण त्या जागेलाच अर्थ आहे. जावास्क्रिप्टमध्ये महिरपी कंस जे काम करतात ते इथे मोकळी जागा करते. 'इफ'च्या ओळीखाली जितक्या ओळी आत सरकवल्या तितक्या त्या अटीच्या पोटात गेल्या. बेरीज छापायची ओळ लूपच्या आत राहिली तर ती दर फेरीला छापली जाते. बाहेर काढली तर एकदाच.

प्रत्येक पायरीला चार स्पेस, हा रिवाज. टॅब आणि स्पेसची मिसळ करू नका. डोळ्यांना सारखं दिसतं, पायथॉनला दिसत नाही. आत सरकवण्याआधीच्या ओळीच्या शेवटी कोलन (:) लागतो. 'इंडेंटेशनएरर' आला तर कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेऊन बॅकस्पेस मारत मागे जा आणि पुन्हा चार स्पेस द्या. विचार करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

११. ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते. माझा संगणक बिघडलाय का?

संगणक ठणठणीत आहे. दूध केंद्रातल्या काकांचा पहिला प्रोग्राम असाच होता. सकाळचं दूध विचारायचं, संध्याकाळचं विचारायचं, बेरीज सांगायची. सकाळी ५ लिटर, संध्याकाळी ३, आणि पडद्यावर एकूण दूध ५३ लिटर! काका म्हणाले, "ही म्हैस कुठे मिळते ते सांगा."

इनपुट फंक्शन जे आणून देतं ते नेहमी मजकूर असतं, तुम्ही आकडा टाइप केला तरी. दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह घातलं की ते शेजारी शेजारी चिकटतात. आकडा करून घ्यायला इनपुटला इंटच्या कंसात ठेवा: इंट(इनपुट("सकाळचं दूध: ")). साडेपाच लिटर असेल तर इंट चालणार नाही, ५.५ वर तो व्हॅल्यूएरर देतो. तिथे फ्लोट वापरा.

ही चूक बेरजेत लगेच दिसते, तुलनेत लपून बसते. मजकूर म्हणून "९" हा "१०" पेक्षा मोठा ठरतो, कारण पायथॉन आधी पहिलं अक्षर बघतं आणि ९ हा १ च्या पुढे आहे. सर्वांत जास्त गुण कुणाला, असं काढताना शंभरवाला मागे आणि नव्वदवाला पुढे दिसला तर हेच झालेलं आहे.

१२. एकदा = आणि एकदा ==, हे काय प्रकरण?

एक बरोबर म्हणजे ठेव, दोन बरोबर म्हणजे विचार. भाव = ४० म्हणजे भाव या डब्यात ४० ठेव. भाव == ४० म्हणजे भाव चाळीसच आहे का? 'इफ'नंतर दोन लागतात.

१३. २९ चा पाढा छापायला रेंज(१, १०) दिलं, पण तो २९ नव्वे २६१ वरच थांबला.

रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत. दहापर्यंत हवं तर ११ लिहा. यादीतली मोजणीही शून्यापासून सुरू होते, म्हणजे पहिल्या जागेचा क्रमांक ०. दोन्ही नियम एकत्र पाहिले की बरे वाटतात: रेंज(७) म्हटलं की ० ते ६, बरोबर सात फेऱ्या, आणि सात जणांच्या यादीला तेच क्रमांक लागू पडतात.

१४. पैशाच्या हिशेबात पैशांचा फरक का येतो?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली: ०.१ + ०.२ करून बघा. उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येईल. संगणक आकडे दोनाच्या घातांत साठवतो, आणि त्या पद्धतीत एक दशांश कधी पुरा लिहिताच येत नाही. आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ असं कुठेतरी थांबावं लागतं, तसंच. हा पायथॉनचा दोष नाही, बहुतेक भाषांत असंच होतं.

दुसरी: राउंड फंक्शन. शाळेत आपण अर्धा आला की वर घेतो. पायथॉन अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे जातं. म्हणून अडीचचे २ होतात आणि साडेतीनचे ४. काकांच्या दहा दिवसांच्या बिलात ४१२.५० चे ४१२ झाले आणि ४१३.५० चे ४१४. एका गवळ्याचे पन्नास पैसे गेले, दुसऱ्याला पन्नास जास्त मिळाले. रक्कम छोटी, पण ज्याचे गेले तो वही घेऊन दारात उभा.

उपाय: रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात हिशेब करा. ४१२.५० म्हणजे ४१२५०. रुपयात आणताना ५० मिळवून १०० ने पूर्ण भागाकार (//) करा, ४१३ मिळतील. किंवा 'डेसिमल' मॉड्यूल वापरा. त्यात आकडा देताना अवतरणात द्यायचा, नाहीतर वरचा दोष आकड्याबरोबर आत येतो.

१५. १,५०,००० लिहिलं तर भलतंच उत्तर येतं. लाखाचा स्वल्पविराम चालत नाही का?

कोडात स्वल्पविराम म्हणजे वेगळ्या गोष्टी. १,५०,००० लिहिलंत तर पायथॉन एररही देत नाही. गुपचूप तीन आकड्यांची जोडणी करतं: १, ५० आणि ०. एरर न येणं हीच यातली पंचाईत. वाचायला सोपं हवं तर स्वल्पविरामाच्या जागी अंडरस्कोर द्या: १_५०_०००. हे चालतं, आणि गट कुठे पाडायचे याची सक्ती नसल्यामुळे लाख-कोटीही नीट लिहिता येतात.

एक्सेलमधून किंवा बँकेच्या पासबुकाच्या फाइलमधून "१,५०,०००" असा मजकूर आला तर आधी रिप्लेसने स्वल्पविराम काढा, मग इंट करा.

उलट दिशेची अडचण वेगळी. उत्तर छापताना स्वल्पविराम मागितला तर पायथॉन तीन-तीनचे गट पाडतं, म्हणजे १५०,०००. लाखाच्या पद्धतीसाठी स्वतःचं फंक्शन लिहा: शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट करायचे, स्वल्पविरामांनी जोडायचं. सहा-सात ओळी होतात. माझ्या मते फंक्शन शिकायला याहून चांगला गृहपाठ नाही.

१६. यादीची कॉपी करून कॉपीत बदल केला, तर मूळ यादीही बदलली!

कॉपी झालीच नव्हती. भिशीची मेची यादी होती आणि तुम्ही जून = मे लिहिलंत, तर यादी एकच राहिली, तिला नावं दोन झाली. घरी बंड्या आणि शाळेत अनिकेत, पण मुलगा एकच. बंड्याचे केस कापले तर अनिकेतचेही कापले जाणारच. खरी प्रत हवी तर मे.कॉपी() लिहा.

यादीच्या आत याद्या असतील तर कॉपीसुद्धा वरवरची होते. आतल्या याद्या सामाईकच राहतात. तिथे 'कॉपी' मॉड्यूलमधलं 'डीपकॉपी' लागतं. याच घराण्यातला सापळा: शून्यांची एक ओळ बनवून तिला तीनने गुणून तक्ता तयार केलात, तर एका ओळीतलं घर बदललं की तिन्ही ओळींत बदलतं.

१७. काल चालणारा रँडमचा प्रोग्राम आज म्हणतो की 'रँडइंट' असं काही नाहीच.

तुमच्या फोल्डरमध्ये 'रँडम डॉट पीवाय' नावाची तुमचीच फाइल आहे का बघा. असणारच. पायथॉन आधी घरातली फाइल उचलतं. नाव बदला. असंच 'लिस्ट' किंवा 'सम' हे नाव व्हेरिएबलला (प्रश्न १२ मधल्या डब्याला) दिलंत तर त्या नावाचं मूळ फंक्शन झाकलं जातं आणि दहा ओळींनंतर न कळणारा टाइपएरर येतो.

१८. व्हेरिएबलला मराठी नाव देता येतं का? आणि देवनागरी अंक?

नाव देता येतं. पायथॉन ३ मध्ये एकूण_दूध हे नाव जसंच्या तसं चालतं. इफ, फॉर वगैरे मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात. सुरुवातीला मी मुलांना मराठी नावंच द्यायला लावते, कारण त्यामुळे भाषेचे शब्द कुठले आणि आपले कुठले हे एका नजरेत कळतं. पुढे चार जणांबरोबर काम करताना इंग्रजी नावं द्या, दर वेळी कीबोर्ड बदलण्याचा वैताग वाचतो. एक अपवाद: कऱ्हाड, दऱ्या अशा शब्दांतला अर्धा र काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालून उमटवतात. ते चिन्ह नावात चालत नाही (प्रश्न २१).

अंकांचं थोडं गमतीचं आहे. कोडात थेट देवनागरी २५ लिहिलं तर एरर. पण वापरणाऱ्याने इनपुटमध्ये देवनागरीत २५ टाइप केलं, तर इंट त्याला निमूटपणे पंचवीस समजतं! काकांच्या केंद्रावर आता मराठी कीबोर्डवरूनच नोंदी होतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

१९. मराठी मजकुराची फाइल वाचली किंवा लिहिली की एरर येतो, नाहीतर चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

एररमध्ये 'चारमॅप' हा शब्द असेल तर निदान पक्कं. विंडोजवर फाइल उघडताना पायथॉन बहुधा जुनी पाश्चात्त्य अक्षरपद्धती गृहीत धरतं आणि तिच्यात देवनागरी नाही. ओपनच्या कंसात एन्कोडिंग = "यूटीएफ-८" द्या, वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळा. कधी एरर न येता डोक्यावर तिरक्या रेघा असलेली युरोपीय अक्षरं दिसतात. कारण तेच.

सीएसव्ही फाइल पायथॉनमध्ये बरोबर आणि एक्सेलमध्ये बिघडलेली दिसत असेल, तर लिहिताना "यूटीएफ-८-सिग" द्या. एक्सेलला ओळख पटवणारी खूण त्याने फाइलच्या सुरुवातीला बसते. दर ओळीनंतर एक रिकामी ओळ येत असेल तर ओपनमध्ये न्यूलाइनला रिकामं अवतरण ("") द्या.

अपवाद: फाइल डीटीपीवाल्याकडून आली असेल आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर तो मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी पद्धती) नाहीच. तिथे इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे चढवलेले असतात. एन्कोडिंग कितीही बदला, उपयोग नाही. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या.

२०. 'मराठी' शब्दाची लांबी ३ ऐवजी ५ का येते?

पायथॉन अक्षरं मोजत नाही, युनिकोडची चिन्हं मोजतं: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. म्हणून शब्द उलटा केला की काना आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात, आणि इंग्रजी पुस्तकातला 'उलटसुलट सारखा शब्द ओळखा' हा लाडका गृहपाठ मराठीत फसतो. आपल्या 'रामाला भाला मारा'वर तो करून बघा. वाक्य उलटंसुलटं सारखंच आहे, प्रोग्राम 'नाही' म्हणेल. नवशिक्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: मराठी मजकूर मधेच कापू नका, मोकळ्या जागेवर तोडा.

२१. दोन शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे, पण == फॉल्स सांगतं.

हा माझ्याच घरचा दाखला. वाचनालयाच्या वर्गणीदारांची दोन वर्षांची यादी जुळवत होते. 'कऱ्हाडे' आडनावाचे सभासद दोन्ही वर्षी होते, पण प्रोग्रामने त्यांना यंदा थकबाकीत टाकलं. अर्धा तास लूपमध्ये चूक शोधली. शेवटी दोन्ही नावांची लांबी छापली, तर एक ७ आणि दुसरं ८!

अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्तेवाला ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. गेल्या वर्षीची यादी संगणकावर केलेली, यंदाची फोनवर. दिसायला एकच. ॲ चंही तसंच: एक अखंड ॲ आणि दुसरा अ वर चंद्र देऊन केलेला.

'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन काही जोड्या एकसारख्या करतं, पण वरच्या दोन्ही करत नाही. त्या रिप्लेसने स्वतः एकसारख्या कराव्या लागतात. संशय आला की शब्द 'ॲस्की' फंक्शनमधून छापा. प्रत्येक चिन्हाचा क्रमांक उघडा पडतो. आणि हो, नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करते, ती स्ट्रिपने काढा.

२२. सॉर्टने मराठी आडनावं लावली तर क्रम चुकतो.

सॉर्ट युनिकोडच्या क्रमांकानुसार चालतं, आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. म्हणून पायथॉन काकडे, काळे, काशीद, कासार असं लावतं आणि आपल्याला काकडे, काशीद, कासार, काळे हवं असतं. अखंड ॲ चा क्रमांक तर ह च्याही पुढे आहे, त्यामुळे नावाआधी 'ॲड.' लावलेले सगळे वकील यादीच्या तळाशी जाऊन बसतात. क्षीरसागर 'क'च्या शेवटी येतात. काही शब्दकोशांत हे चालतं. वर्णमालेप्रमाणे ळ नंतर हवे असतील तर तो निर्णय तुमचा.

उपाय असा: आपल्याला हव्या त्या क्रमाने सगळी अक्षरं आणि मात्रा एका मजकुरात लिहून ठेवा. प्रत्येक नावाच्या चिन्हांचे त्या मजकुरातले जागाक्रमांक काढून त्यांची यादी परत देणारं फंक्शन लिहा, आणि ते सॉर्टला 'की' म्हणून द्या. 'क्ष'साठी आधी त्याच्या तिन्ही चिन्हांच्या जागी कुठलं तरी एकच न वापरलेलं चिन्ह घाला. आणि प्रश्न २१ मधली सफाई सॉर्टच्या आधी करा, नंतर नाही. नाहीतर दोन कऱ्हाडे यादीत वेगवेगळ्या जागी पडू शकतात.